बॅकस्ट्रोक : ओढतात हात की पाय? (घरात भांडण लागलंय, निकाल द्या)

चिंगी७९

मंडळी, जरा मदत हवीय. वय ४५, पोहायला शिकून तीन वर्षं झाली. फ्रीस्टाइल बरं येतं, म्हणजे २५ मीटरचे आठ-दहा राउंड न थांबता होतात, ब्रेस्टस्ट्रोक तर शेजारणीशी गप्पा मारत मारत करते. जानेवारीपासून कंबर धरायला लागली म्हणून बॅकस्ट्रोक (उताणं पोहणं) सुरू केला आणि तिथे गाडं जे अडलंय ते अडलंच आहे.

उताणं तरंगता येतं, त्याची भीती नाही. पण हात मांडीला चिकटवून नुसती किक मारायला लागले की मी जागची हलत नाही. पाणी उडतंय, धाप लागतेय, आणि वर बघावं तर तोच पत्रा आणि तोच पत्र्यावरचा गंजाचा डाग. परवा तर कहर झाला, चक्क पायांच्या दिशेला गेले! पलीकडच्या लेनमधल्या आजोबांनी थांबून विचारलं, "अहो तुम्ही नक्की कुठे निघालात?"

आमच्या सरांचं म्हणणं, महिनाभर नुसती किक मारा, पाय चालले की सगळं चालतं. नवऱ्याचं म्हणणं (कॉलेजात जिल्हा पातळीपर्यंत पोहलाय, हल्ली काठावर बसून फक्त सल्ले देतो) की पाय हे शोभेचे, ओढतात ते हात, तू हात शीक. रात्री जेवताना याच्यावरून वाद होतोय आणि मुलगा दोघांचा व्हिडिओ काढतोय.

तर साध्या भाषेत सांगा, हातांचं काम काय आणि पायांचं काय? व्हिडिओ ढीगभर पाहिले, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

गप्पिष्ट

नवरा बरोबर आहे असं इथे कुणीही लिहिणार नाही, खात्री बाळगा :) बसतो आता चहा घेऊन.

लेन_नंबर_चार

मी लिहितो. नवरा बरोबर आहे. आणि सरही बरोबर आहेत. थांबा, हाणू नका, सांगतो.

पुढे नेण्याचं काम बहुतांश हातांचंच. वेगाने पोहणारा कुठलाही बॅकस्ट्रोकवाला घ्या, नुसत्या किकवर आणि नुसत्या हातांवर पोहायला लावा, हातवाला राउंड पुष्कळ आधी संपतो. त्यात मांडीचे स्नायू मोठे, ते ऑक्सिजन बकाबका खातात आणि त्या मानाने ढकलतात कमी. तुम्हाला धाप लागते ती त्याचीच. इथपर्यंत नवऱ्याला मार्क.

पण बॅकस्ट्रोकमध्ये एक गोची आहे जी फ्रीस्टाइलमध्ये नाही. फ्रीस्टाइलला हात पोटाखालून, शरीराच्या मधल्या रेषेजवळून ओढता येतो. उताणं झालात की हात पाठीखाली जातच नाही, खांद्याचा सांधा तसा वळत नाही, त्यामुळे ओढ बसते ती शरीराच्या बाजूने. होडीत बसून एकाच बाजूचं वल्हं मारलं तर होडी काय करते? गोल फिरते. उजव्या हाताने ओढलं की डोकं डावीकडे जायला बघतं, डाव्याने ओढलं की उजवीकडे, आणि कंबर मधल्या मधे नागिणीसारखी वळवळते. ते वळवळणं थांबवतात पाय. म्हणून किक सरळ वर-खाली नसते, शरीर ज्या कुशीवर कललंय तशी ती तिरकी होत राहते, कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. बारकाईने बघा कधीतरी.

याच कारणाने बॅकस्ट्रोकमध्ये किक थांबवायची चैन नाही. फ्रीस्टाइलमध्ये लांब पल्ल्याचे बरेच लोक एका पूर्ण चक्राला दोनच किक मारून पाय वाचवतात. बॅकस्ट्रोकला १०० असो नाहीतर २००, शक्यतो सहाच. एका हाताला तीन.

दुसरं काम म्हणजे कंबर वर धरणं. पाय थांबले की पाय खाली, पाठोपाठ कंबर खाली, आणि मग तुम्ही पाण्यात झोपलेले नसता, आरामखुर्चीत बसलेले असता. तशा माणसाला ओढायला हातांना दुप्पट मेहनत.

चिंगी७९

वल्ह्याचं पटलं एकदम!! म्हणजे मी हात मारताना लेनच्या दोरीला जाऊन धडकते ते म्हणूनच का? मला वाटायचं माझा एक हात जास्त ताकदवान आहे.

लेन_नंबर_चार

तेही असेल, पण नव्वद टक्के लोकांचं (हा आकडा माझ्या मनचा आहे, कुठे छापून आणू नका) कारण वेगळं असतं. हात डोक्यामागे मधोमध पडतो. घड्याळ डोक्यात धरा, डोकं म्हणजे १२. हात पडायला हवा ११ आणि १ वर, साधारण खांद्याच्या रेषेत. पण आपल्याला दिसत तर काही नसतं, आणि आपण ११ वर टाकतोय असं वाटत असताना तो खरं १२ च्याही पलीकडे पडत असतो. म्हणून शिकताना मुद्दाम १० आणि २ वर टाका, आपोआप बरोबर पडेल. विचित्र वाटेल, हात फाकवून झोपल्यासारखं. वाटू दे.

विहीरवाला

कै च्या कै गुंतागुंत करून ठेवलीय राव तुम्ही लोकांनी. आमच्या गावाला पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून काकाने विहिरीत ढकललं, दुसऱ्या उन्हाळ्यात बिंडा सोडला, तिसऱ्या उन्हाळ्यात काठावरच्या उंबरावरून मुटका मारत होतो. उताणं पोहणं म्हणजे दमल्यावर करायची गोष्ट. दोन्ही हात एकदम डोक्यामागे न्यायचे, एकदम खाली ओढायचे, पाय बेडकासारखे, आणि मग नुसतं सरकत राहायचं, आभाळात घार दिसेपर्यंत. कसली सहा किक आणि कसलं घड्याळ! विहीर गोल असल्यामुळे सरळ जायचा प्रश्नच नव्हता म्हणा.

लेन_नंबर_चार

विहीरवाले, तुम्ही थट्टा करताय, पण तुमचा काका ऐतिहासिक स्टाइल शिकवत होता. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची २०० मीटर बॅकस्ट्रोक झाली ती सेन नदीच्या पात्रात, जर्मनीच्या अर्न्स्ट होपेनबर्गने जिंकली. त्या जमान्यात दोन्ही हात एकदम आणि बेडकाचे पाय हीच बॅकस्ट्रोकची सर्रास पद्धत होती. एकाआड एक हात आणि कात्रीसारखी सलग किक नंतर आली. १९१२ ला स्टॉकहोममध्ये अमेरिकेचा हॅरी हेबनर तसा पोहला आणि १०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेला.

बदल का झाला तेही याच धाग्याचं उत्तर आहे बघा. दोन्ही हात एकदम ओढले तर शरीर सरळ राहतं, वळवळत नाही, त्यामुळे पायांना सावरायचं काम नाही. पण हात परत मागे नेताना ओढच नसते, गाडी धक्के खात चालते. एकाआड एक केलं की एक ना एक हात सतत ओढतोय, गाडी सलग चालते, फक्त तोल जातो. मग तोल सांभाळायला पायांना कामावर ठेवलं.

विहीरवाला

घ्या! म्हणजे आम्ही १९०० चे चॅम्पियन. काकाला फोन करून सांगतो, खूश होईल म्हातारा.

शंकासुर

एक शंका. सगळे हात हात करताय, मग १९८८ च्या सोल ऑलिंपिकचं काय? अमेरिकेचा डेव्हिड बर्कोफ सुरुवातीची उडी घेतल्यावर वर यायचाच नाही, हात डोक्यापुढे जोडून पाण्याखाली उताणाच दोन्ही पाय जोडून डॉल्फिन किक मारत सुटायचा, पहिल्या ५० मधले ३० मीटरच्या वर पाण्याखालून. १०० मीटरच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) ५४.५१ चा विश्वविक्रम केला. फायनलला जपानच्या दाइची सुझुकीने तीच युक्ती वापरून त्याला हरवलं, ५५.०५ विरुद्ध ५५.१८. म्हणजे नुसत्या पायांनी हातवाल्यांना धूळ चारली की नाही? मग पाय शोभेचे कसे?

लेन_नंबर_चार

वा, चांगला मुद्दा काढलात. पण ती किक वेगळी आणि जागाही वेगळी. पाण्याखाली खोल गेलात की पृष्ठभागावरची लाट तुम्हाला अडवत नाही. वर पोहताना आपण आपल्याच छातीपुढे लाट तयार करतो आणि तिलाच ढकलत बसतो. खाली तो खर्च वाचतो, शिवाय भिंतीला मारलेल्या लाथेचा वेग हातात असतो. आणि ती किक नुसत्या पायांची नाही, छातीच्या खालपासून सगळं शरीर लाटेसारखं चालतं. वरच्या एकाआड एक किकची त्याच्याशी तुलना नको.

बाकी त्या दोघांचा परिणाम असा झाला की नियमच बदलला. आधी १० मीटरची मर्यादा आली, मग १५ ची, ती आजही आहे. सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोकं बाहेर हवं. नाहीतर सगळी शर्यत पाण्याखाली झाली असती आणि प्रेक्षकांनी नुसतं निळं पाणी बघितलं असतं.

शंकासुर

मान्य. पण "शोभेचे" हा शब्द मागे घ्यावा ही विनंती.

चिंगी७९

नवऱ्याचा शब्द आहे, निरोप पोचवते :)

पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. मी उलटी का जाते??

फिजिओताई

चिंगी, मी फिजिओ आहे, आणि स्वतः आठवड्यातून तीनदा पोहते. एक कर. जमिनीवर पाय पसरून बस आणि पावलं पुढे ताण, नाचणाऱ्या मुली ताणतात तशी. बोटं जमिनीकडे किती जातात? आणि वज्रासनात बसता येतं का, घोट्यापुढचा भाग जमिनीला टेकतो की मधे पोकळी राहते?

उलटं जायचं सगळ्यात मोठं कारण घोटे असतात. पाऊल जर उभं राहिल्यासारखं काटकोनात राहिलं तर किक मारताना ते पाणी डोक्याच्या दिशेला ढकलतं, म्हणजे तू पायाच्या दिशेला. वर्षानुवर्षं पळणारे, ट्रेक करणारे यांचे घोटे असेच घट्ट असतात, चांगले दणकट लोक किकबोर्ड (तरंगती फळी) घेऊन जागच्या जागी फेस काढत असतात बिचारे.

दुसरं कारण गुडघे. पाण्याच्या वर तुझे गुडघे दिसतात का? दिसत असतील तर तू पाण्यात सायकल चालवतेयस. गुडघा वर आला की मांडी पाण्याला डोक्याकडे ढकलते, झालाच ब्रेक. किक कमरेतून निघायला हवी आणि पाऊल शेवटी सुटायला हवं, सैल चप्पल पायातून वर उडवतो ना तसं. चप्पल उडवताना गुडघा किंचित वाकतो आणि शेवटी सरळ होतो, बस्स तेवढंच. उताणं असताना पुढे ढकलते ती मुख्यतः वर जाणारी किक, खाली जाताना पाय जवळपास सरळ. पावलं थोडी आत वळलेली, अंगठे एकमेकांना घासून जातील इतपत. पाणी वर उडायला नको, नुसतं उकळल्यासारखं दिसायला हवं.

कंबरेचं म्हणशील तर बॅकस्ट्रोक बऱ्याच जणांना सोसतो, पण पोट सैल सोडून कमान करून पोहलीस तर उलट दुखेल. आणि एकदा प्रत्यक्ष कुणाला तरी दाखव, इथल्या सल्ल्यावर कंबर सोडू नकोस.

चिंगी७९

ताई, वज्रासनात बसले. बसले म्हणजे काय, दहा सेकंदांत उठले. घोट्याखालून आख्खी मांजर जाईल इतकी पोकळी. पंधरा वर्षं दर पावसाळ्यात गड चढतेय त्याचं फळ. गुडघ्याचं नवऱ्याला बघायला सांगितलं, म्हणतो "दोन बेटं दिसतात अधूनमधून."

बंगळूरवासी

इतके दिवस नुसतं वाचत होतो, पण आता राहवत नाही. आमच्या इथला श्रीहरी नटराज माहीत असेलच, टोकियो ऑलिंपिकला १०० मीटर बॅकस्ट्रोक पोहला. त्याआधी २०२१ च्या जूनमध्ये रोमला ५३.७७ ची वेळ दिली आणि थेट ए पात्रता (ऑलिंपिकमध्ये सरळ प्रवेश देणारी वेळ) मिळवली. भारतातून तोपर्यंत फक्त साजन प्रकाशला ते जमलं होतं, तेही एकच दिवस आधी. त्याचे व्हिडिओ मिळतील तेवढे बघा, आणि वेग बघू नका, डोकं बघा. डोकं हलतच नाही. खाली सगळा कारखाना चालू आहे, खांदे एकदा इकडे एकदा तिकडे कलतायत, आणि मधे डोकं मात्र देवघरातल्या मूर्तीसारखं.

कलणं हा तिसरा गडी आहे, त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. सपाट झोपून हात ओढलात तर हात पृष्ठभागाजवळूनच घसरतो, निम्मी हवा निम्मं पाणी. उजव्या कुशीवर जरासं कललात तर उजवा हात खोल जातो, तिथे पाणी घट्ट लागतं, आणि त्याच वेळी डावा खांदा पाण्याबाहेर येतो म्हणून डावा हात हवेतून सहज मागे जातो. एका कलण्यात दोन्ही कामं. आणि हे कलणं सुरू होतं कमरेतून, कमरेला टेकू देते किक. हात आणि पाय वेगळे मोजताच येत नाहीत असं माझं मत.

लेन_नंबर_चार

+१. कलण्याचं राहूनच गेलं होतं माझ्याकडून.

हाताचंही सांगून टाकतो. पाण्यात शिरताना करंगळी आधी, तळवा बाहेरच्या बाजूला. हाताच्या पाठीने फटाक करून आपटला तर हाताबरोबर हवेचे बुडबुडे खाली जातात आणि बुडबुड्यांना ओढून कोणी पुढे जात नाही. आत गेला की कोपर वाकवायचं, कोपराचं टोक तळाकडे, आणि पाणी पायांकडे लोटायचं. क्रिकेटचा बॉल कमरेच्या बाजूने पायाकडे फेकतोय असं समजा. शेवटी हात मांडीखाली संपतो, अंगठा आधी बाहेर, हात सरळ, सैल. हवेतला हात ताठ लोखंडी दांड्यासारखा धरू नका, त्याने खांदा दमतो.

आणि सगळ्यात मोठी चूक, एक हात मांडीपाशी येऊन विश्रांती घेत बसतो आणि दुसऱ्याची वाट बघतो. पवनचक्की आठवा. एक पातं थांबलं की दुसरंही थांबणारच.

सोलापुरी_चादर

हात की पाय हा वाद वाचून दोन आपलीच माणसं आठवली. सुयश जाधव, आमच्या सोलापूर जिल्ह्यातला. लहानपणी विजेच्या तारेचा धक्का बसून दोन्ही हात गेले. तो माणूस २०१८ च्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेऊन आला. बटरफ्लाय! आणि दुसरे मुरलीकांत पेटकर, सांगलीकडचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं, १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. एकाला हात नाहीत, एकाला पायांची साथ नाही, दोघंही जिंकले.

आणि खास बॅकस्ट्रोकचं बघायचं तर चीनचा झेंग ताओ. दोन्ही हात खांद्यापासून नाहीत. उताणं स्टार्ट घेताना ब्लॉकचं हँडल कशाने धरणार? दातात पट्टी धरून लटकतो. शेवटी भिंतीला लावायला हात नाहीत म्हणून डोकं आपटून शर्यत संपवतो. लंडन २०१२ पॅरालिंपिकला १०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण, टोकियोला ५० मीटर बॅकस्ट्रोकचं. त्याची किक बघा, आणि मग "शोभेचे पाय" म्हणायची हिंमत करा.

गप्पिष्ट

दातात पट्टी धरून… अंगावर काटा आला. चहा गार झाला माझा.

कोकणी_मासा

सगळं ठीक, पण हे सगळं तलावातलं. समुद्रात पोहा. मालवणला चिवला बीचवर दर वर्षी स्पर्धा असते, तिकडे बॅकस्ट्रोक म्हणजे गॉगलात पाणी गेलं की दोन मिनिटं उताणं व्हायचं आणि श्वास घ्यायचा. मी किक जवळजवळ मारतच नाही. खाऱ्या पाण्यात पाय आपसूक वर राहतात, ढकलायचं काय ते हातांनीच. फक्त वर बघून दिशा कळत नाही ही खरी बोंब, एकदा आरामात दहा-बारा हात मारून पालथा झालो तर बोया भलतीकडेच आणि आजूबाजूला कोणी नाही.

लेन_नंबर_चार

बरोबर, खारं पाणी जड, ते तुमची कंबर धरतं. तलावात ते काम पायांना करावं लागतं.

चिंगी७९

धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले. रिपोर्ट देते, थोडा लांबेल.

आधी घोटे. रोज रात्री मालिका बघताना वज्रासन, खाली घडी घातलेली चादर घेऊन. आता दोन मिनिटं बसता येतं, मांजर नाही पण उंदीर जाईल एवढी पोकळी उरलीय. चप्पल उडवायची युक्ती पहिल्याच दिवशी लागू पडली. उलटी जायची बंद झाले, मग जागच्या जागी, मग हळूहळू डोक्याकडे. दहाव्या दिवशी नुसत्या किकवर २५ मीटर पूर्ण, १ मिनिट ४० सेकंद. गंजाचा डाग मागे पडताना बघून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

सरांनी कपाळावर प्लास्टिकचा कप ठेवायला दिला, अर्धा पाण्याने भरलेला. पहिले तीन दिवस कप नाकावर. नाकात पाणी जायचं ते गुणगुणायला लागल्यावर थांबलं, हाही सरांचाच सल्ला, तोंड मिटून नाकातून हूं हूं करत राहायचं. लेनमधल्या बाकीच्यांना मी भजन म्हणतेय असं वाटतं.

आता मुख्य प्रयोग. मागच्या रविवारी नवरोबा प्रत्यक्ष पाण्यात उतरले, सहा वर्षांनी. म्हणाला आता दाखवतोच पाय लागत नाहीत ते. मांड्यांमध्ये पुल बॉय (फोमचा तुकडा) धरला आणि नुसत्या हातांनी गेला सरळ, छान, ३१ सेकंदांत. काठाला हात लावून माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. माझंही घेतलं तसंच, पुल बॉय लावून ५२ सेकंद, म्हणजे किकच्या जवळजवळ निम्मा वेळ. मी मनातल्या मनात हार मानली.

तेवढ्यात सर म्हणाले, पुल बॉय काढा, त्याऐवजी घोट्यांना हे बांधा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला रबर दिला. कमी पाण्याच्या बाजूला, मुलगा आणि सर दोन्हीकडे उभे. नवरा निघाला. पहिले तीन-चार हात बरे. मग पाय खाली जायला लागले, कंबर डावी-उजवी, डावी-उजवी, पाचव्या की सहाव्या हाताला दोरीला धडक, आणि १० मीटरच्या खुणेपाशी साहेब उभेच राहिले खोकत. तोच माणूस, तेच हात.

म्हणजे मगाशी पुल बॉय काय करत होता ते कळलं का? पायांचं काम तो फोमचा तुकडा करत होता! आम्ही म्हणत होतो नुसत्या हातांनी पोहला.

सरांनाही मी विचारलं मग, तुम्ही पाय चालले की सगळं चालतं म्हणता, पण ओढतात तर हातच. तर म्हणाले, "मॅडम, हात तुम्हाला आठ दिवसांत शिकवतो, पण आडवंच राहता येत नसेल तर ते हात लावायचे कुठे?"

फिजिओताई

किती छान लिहिलंयस! नवऱ्याला नाकात पाणी गेल्याबद्दल सहानुभूती. आणि त्याला सांग सहा वर्षांनी उतरून एकदम जोरात हात मारू नको, खांदा धरेल. हातात ते पॅडल (तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या) वगैरे तर अजिबात नको इतक्यात.

चिंगी७९

धरलाच :) दोन दिवस शर्ट मी घालून दिला.

शंकासुर

"शोभेचे" शब्द अधिकृतपणे मागे घेतला का?

चिंगी७९

नाही. आता म्हणतो "मी शोभेचे म्हणालोच नव्हतो, मी म्हणालो होतो मदतनीस."

विहीरवाला

मुलाकडे व्हिडिओ आहे ना जेवतानाचा? काढा बाहेर.

बंगळूरवासी

हाहाहा. चिंगीताई, आता पुढची पायरी सांगतो. सहा किक एका कुशीवर, खालचा हात डोक्यापुढे लांब, वरचा मांडीवर. मग हात बदलून दुसऱ्या कुशीवर सहा किक. तोंड मात्र कायम आभाळाकडे. हे जमलं की सहाच्या तीन करा, झाला बॅकस्ट्रोक, वेगळं काही शिकावं लागत नाही. श्वास एका हाताला आत, दुसऱ्याला बाहेर. तोंड बाहेर आहे म्हणून लोक वाटेल तेव्हा घेतात आणि मग दमतात.

चिंगी७९

हे कालच चालू केलंय. उजवी कूस जमते, डावीवर गेले की बुडते. पण पूर्ण स्ट्रोकने २५ मीटर ४४ सेकंदांत आले, पुल बॉयपेक्षा आठ सेकंद कमी, आणि दोरीला एकदाच लागले.

एक शेवटची अडचण. भिंत कुठे आली ते कळत नाही, शेवटचे पाच-सहा मीटर घाबरत मान वळवत येते आणि मान वळवली की सगळं बिघडतं. परवा न वळवता आले तर टाळकं शेकलं.

लेन_नंबर_चार

वर झेंड्यांची दोरी असते ना तलावाच्या दोन्ही टोकांना? ती सणासुदीची पताका नाही, भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर बांधलेली असते, खास उताण्या माणसांसाठी. झेंडे डोळ्यांवरून गेले की हात मोजायला लागा. सुरुवातीला कुणाला तरी भिंतीशी उभं करा, आणि झेंड्यांपासून भिंतीपर्यंत तुमचे किती हात होतात ते पाच-सहा वेळा मोजा. तो आकडा तुमचा. कुणाचे चार, कुणाचे सात. दमल्यावर एक वाढतो हेही लक्षात ठेवा.

चिंगी७९

आमच्या तलावावर झेंड्यांची दोरी एकाच टोकाला आहे, दुसरीकडची दोन वर्षांपूर्वी तुटली ती तुटलीच. अर्ज केलाय. तोपर्यंत त्या बाजूला पत्र्यावर एक पांढरा पाइप आडवा जातो, तो धरला खूण म्हणून.

आज सकाळी मोजलं. झेंड्यांच्या बाजूला सात. पाइपच्या बाजूला नऊ. नवऱ्याला भिंतीशी उभं केलं होतं डोक्याखाली हात धरून, सहाव्यालाच त्याच्या तळहातात येऊन आदळले. म्हणतो तुझे आता सहा झालेत, परत मोज.

गप्पिष्ट

वाचनखूण साठवली. उद्यापासून मीही जातो, आमच्या इथला तलाव परीक्षा संपेपर्यंत बंद नसेल तर.